सरवा, कोंडवाडा, कॉमन: इंग्लंडच्या खेड्यातल्या आठवणी मराठीत आणताना

प्रश्न
इंग्लंडच्या सफोक भागातल्या एका खेड्याच्या आठवणी मराठीत आणते आहे. काळ पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, सांगणारी शेतमजुराची मुलगी. ग्लीनिंग, पाउंड (भटकी जनावरं अडकवायची जागा) आणि कॉमन (गावकरी गुरं चारतात ती जमीन) या तीन शब्दांवर गाडी अडली आहे. 'वेचणी' म्हटलं की डोळ्यांपुढे कापूस येतो. इथे तर गव्हाची कापणी होऊन गेल्यावर बायकापोरं रिकाम्या शेतात शिरतात. नेमकं काय म्हणावं?

परभणीहून
ताई, याला आमच्याकडे सरवा म्हणतात. पीक काढून नेल्यावर रानात जी कणसं, शेंगा मागे राहतात तो सरवा. ती गोळा करणं म्हणजे सरवा वेचणं. भुईमूग निघाला की वस्तीवरच्या बायका टोपली-खुरपं घेऊन सरव्याला यायच्या, मालक सहसा अडवत नसे. मोल्सवर्थच्या कोशातही शब्द आहे आणि मराठी बायबलमधली रूथ बवाजाच्या शेतात सरवाच वेचते. बेलाशक वापरा.

एक फरक मात्र अनुवादात दिसायला हवा. आपल्याकडे सरवा बहुधा मालकाच्या मर्जीवर असतो. इंग्लंडमधले गरीब लोक तो आपला हक्क मानत, आणि हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. सफोकमधल्याच टिमवर्थ गावच्या मेरी हॉटनवर शेतमालकाने दावा लावला. 1788 साली न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात असा हक्क नाही. चारपैकी एका न्यायाधीशाला तो निकाल मान्य नव्हता. गावोगावच्या लोकांनीही तो मानला नाही, पुढे शंभराहून जास्त वर्षं सरवा चालूच राहिला. म्हणून 'सरवा वेचायची परवानगी मिळाली' असं लिहू नका, 'सरव्याला शेत मोकळं झालं' असं लिहा.

प्रश्नकर्ती
खूप आभार दादा. मूळ मजकुरात एक घंटा आणि एक 'पोलीस' येतो, तो कोण ते कळेना.

परभणीहून
पोलीस म्हणजे पेंढी! सगळ्या पेंढ्या गाडीत भरून झाल्या तरी शेतकरी एक मुद्दाम शेतात उभी ठेवायचा. ती आहे तोवर कोणी आत पाऊल टाकायचं नाही. ती उचलली की शेत मोकळं. कुणी आधीच घुसून जास्तीचं नेऊ नये म्हणून काही गावांत सकाळी चर्चची घंटा वाजायची, संध्याकाळी पुन्हा वाजली की सगळ्यांनी थांबायचं. लेकुरवाळी बाई आणि धडधाकट बाई दोघी एकाच वेळी शेतात उतराव्यात, हा त्यातला न्याय मला फार मोलाचा वाटतो. वेचलेली कणसं घरी झोडपून, दळून आणली की मजुराच्या घरात हिवाळ्याच्या पावाची तजवीज व्हायची. 'पोलीस' तसाच ठेवा, वाक्यात 'पेंढी' घाला, वाचक समजून घेईल.

नगरहून
पाउंडला कोंडवाडाच. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडायचं आणि दंड भरल्यावर सोडायचं, दोन्हीकडे तेच. आपल्याकडचे सरकारी कोंडवाडे इंग्रजी अमलातल्या 1871 च्या कायद्याखाली चालत आले आहेत, त्यामुळे नातं आणखी जवळचं. उत्तर इंग्लंडात त्याला पिनफोल्ड म्हणतात. दगडी भिंतींची ती छोटी आवारं कितीतरी गावांत अजून उभी आहेत.

कॉमनला गायरान म्हणावं असं मी सुचवतो.

म्हापशाहून
गायरानाला माझा विरोध आहे. गायरान सरकारचं किंवा गावाचं. इंग्लंडातल्या कॉमनला बहुतेक वेळा खाजगी मालक असतो, गावकऱ्यांचा असतो तो वापराचा हक्क: गुरं चारणं, सरपण नेणं, जळणासाठी पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती कापणं. दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट या रानात आजही शरद ऋतूत ओकची फळं खायला डुकरं रानात सोडतात, तोही असाच हक्क. बहुतेक ठिकाणी तो घराला किंवा जमिनीला चिकटलेला असतो, ते घर घेणाऱ्याकडे जातो. आमच्या गोव्यातल्या गांवकारीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेत, हक्क गांवकाराच्या वंशात चालतो, म्हणून तोही शब्द इथे बसत नाही. 'कॉमन' देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गावाच्या हक्काचं चराऊ रान' म्हणा.

नगरहून
पटलं. मालकी कुणाची हे मी पाहिलंच नव्हतं. गायरान मागे घेतो.

प्रश्नकर्ती
सरवा, कोंडवाडा घेतले, कॉमन तसाच राहील. आता शेवटचं: घरावरचं थॅच. 'गवती छप्पर' बरोबर आहे, पण ते घालणारा माणूस आणि त्याचं काम?

कणकवलीहून
काम म्हणजे शाकारणी, क्रियापद शाकारणे. माणसाला 'छप्पर शाकारणारा' पुरे, नवा शब्द घडवू नका. पण आमच्याकडे शाकारणी म्हणजे दरवर्षी पावसाच्या तोंडावरची धावपळ. तिकडचं नॉरफोकच्या बोरूचं छप्पर नीट घातलं तर कित्येक दशकं टिकतं, त्यामुळे 'यंदा शाकारलं' असं लिहिलंत तर कोकणातल्या वाचकाची चुकीची समजूत होईल. बोरू ताठ, आढ्यावरून वाकत नाही, म्हणून आढ्यावर तेवढं सेज नावाचं लवचीक गवत घालतात. तुमच्या मजकुरात आढं वेगळ्या गवताचं आहे असं आलं असेल तर ते खरं समजा, छपाईची चूक म्हणून गाळू नका.