कंबरदुखीसाठी चौदा महिने ट्रॅमाडॉल घेत आहे. ते सोडावे कसे?

प्रश्न : खडूफळा (सांगली जिल्हा)

नमस्कार. मी ४८ वर्षांची असून माध्यमिक शाळेत गणित शिकवते. रोज पाच-सहा तास उभे राहून शिकवणे आणि खराब रस्त्यावरून दुचाकीने ये-जा करणे, असा माझा वीस वर्षांचा क्रम आहे. दीड वर्षापूर्वी कंबर धरली, ती अजून पुरती सुटलेली नाही. एमआरआय पाहून ‘चकती सरकली आहे, मणक्यात गॅप आहे’ असे सांगण्यात आले, मात्र शस्त्रक्रियेची गरज नाही, असेही त्या डॉक्टरांनी स्पष्ट केले. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने पित्त उसळले आणि रक्तदाब वाढू लागला, म्हणून त्यांनी ट्रॅमाडॉलची ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, फक्त दहा दिवसांसाठी लिहून दिली.

त्या दहा दिवसांचे आता चौदा महिने झाले आहेत. दोनाच्या तीन झाल्या आणि शाळेत परीक्षांचे दिवस असले की चार होतात. गावातल्या मेडिकलमध्ये जुन्याच चिठ्ठीवर पाकीट मिळत राहिले आणि मीही पुन्हा डॉक्टरांकडे गेले नाही. दिवाळीत माहेरी गेले असताना गोळ्या घरीच विसरल्या. दुसऱ्या दिवशी नाक वाहू लागले, सारख्या जांभया येऊ लागल्या, जुलाब झाले, रात्री पाय एका जागी ठेववेनात, अंगाला मुंग्या येऊ लागल्या आणि कारण नसताना जीव घाबराघुबरा झाला. यजमानांनी तालुक्याहून गोळ्या आणल्या आणि एक घेतल्यावर तासाभरात सारे शांत झाले. त्या वेळी मला आराम वाटला, पण त्याहून जास्त भीती वाटली.

मला व्यसन लागले आहे का? पहाटे चारला कंबरेच्या कळेने जाग येते, त्यामुळे ही गोळी सोडली तर मी वर्गात उभीच राहू शकणार नाही, असे वाटते. घरी हा विषय मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

उत्तर : निवृत्त चालक (सोलापूर)

ताई, मी २६ वर्षे एस. टी.ची गाडी चालवली. स्टिअरिंगवरच्या कंबरेला काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या मी दोन वर्षे घेत होतो आणि शेवटी शेवटी त्या दिवसाला सहा झाल्या होत्या. आपण जे लिहिले आहे ते सगळे माझ्याही अंगावरून गेले आहे. फरक इतकाच की मी गोळ्या विसरलो नव्हतो. मनाचा हिय्या करून एका दिवशी सगळ्या बंद केल्या होत्या. तिसऱ्या रात्री घरच्यांनी मला दवाखान्यात नेले. कृपया तसे करू नका.

पुढे एका डॉक्टरांनी मला नीट बसवून वेळापत्रक लिहून दिले. साधारण महिन्याला एक गोळी कमी करायची, सकाळची आणि झोपतानाची सर्वांत शेवटी कमी करायची, आणि एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तेथेच थांबायचे, पण मागे वळायचे नाही. मुलीच्या लग्नाच्या धावपळीत मी दोन महिने एकाच पायरीवर थांबलो होतो आणि डॉक्टरांनी त्याबद्दल मला एका शब्दानेही दोष दिला नाही. सगळे मिळून नऊ महिने लागले. गोळ्यांचा डबा पत्नीकडे असे आणि दिवसाच्या गोळ्या ती सकाळी वाटीत काढून ठेवी. हे सांगताना आज मला लाज वाटत नाही, त्या वेळी मात्र फार वाटली होती.

कंबर आजही दुखते. पण गोळ्या चालू असताना दुखत होती त्यापेक्षा जास्त दुखत नाही, हे मी वहीत रोज लिहिलेल्या आकड्यांवरून सांगतो.

उत्तर : भूलतज्ज्ञ, वेदना चिकित्सा विभाग (पुणे)

चालकदादांनी लिहिलेले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, त्याकडे मी परत येईन.

आधी आपल्या थेट प्रश्नाबद्दल. आपण वर्णन केलेल्या अवस्थेला शारीरिक अवलंबित्व म्हणतात. ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामकांच्या गटातले औषध काही आठवड्यांहून अधिक काळ रोज घेतले की शरीर त्याच्या असण्याशी जुळवून घेते आणि ते एकाएकी थांबले की अशी लक्षणे उमटतात. हे कोणाही प्रामाणिक रुग्णाच्या बाबतीत घडते. व्यसनात याखेरीज औषधाची ओढ असते, नुकसान दिसत असूनही ते घेतले जाते आणि घेण्यावरचा ताबा सुटतो. आपण चौथी कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेता आणि जुनी चिठ्ठी वापरता, या गोष्टी सांभाळायला हव्यात, पण केवळ त्यांवरून मी आपल्याला व्यसनी म्हणणार नाही. ट्रॅमाडॉल आणखी एका कारणाने वेगळे आहे. ते ओपिऑइड तर आहेच, शिवाय मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनांवरही परिणाम करते. त्यामुळे ते सुटताना नाक वाहणे, जुलाब यांच्या जोडीला मुंग्या, घबराट आणि झोप उडणे ही लक्षणे येऊ शकतात. आपल्याला दिवाळीत झाले ते याचेच मिश्रण असावे.

आता पहाटेच्या कळेविषयी. रात्री नऊला घेतलेल्या कॅप्सूलचा असर पहाटेपर्यंत बराच ओसरलेला असतो आणि शरीर पुढचा डोस मागू लागते. ही मागणी बहुतेकदा त्याच जागी कळ होऊन व्यक्त होते, जिथे आधीपासून दुखत असते. म्हणजे ती सगळी वेदना मणक्याची नसते. तिचा काही भाग औषध उतरत असल्याचा असतो. शिवाय दीर्घकाळच्या ओपिऑइडमुळे काही रुग्णांची वेदनेची संवेदनशीलताच वाढते. ‘गोळीशिवाय मी उभी राहू शकणार नाही’ हा आपला निष्कर्ष या गोंधळातून आला असण्याची शक्यता आहे.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेस या चाचणीत कंबरदुखी, गुडघेदुखी आणि खुब्याच्या दुखण्याचे २४० रुग्ण वर्षभर पाहिले गेले. ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचालीची क्षमता इतर औषधे घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही आणि वेदनेची तीव्रता तर इतर औषधांच्या गटात किंचित कमी होती. चालकदादांची वही हेच सांगते.

औषध कमी करण्याचे वेळापत्रक मी येथून लिहून देणार नाही, कारण त्यासाठी आपला रक्तदाब, मूत्रपिंड आणि इतर औषधे माहीत असावी लागतात. तत्त्व मात्र सांगतो : एकच डॉक्टर, एकच मेडिकल आणि आपल्या सोयीने ठरलेली संथ गती. वर्षाहून अधिक काळ औषध चालू असेल तर महिन्याला सुमारे दहा टक्के घट ही अनेकांना झेपणारी गती मानली जाते. दीर्घ परिणामाची, म्हणजे ‘एसआर’ लिहिलेली गोळी कधीही अर्धी करू नये किंवा चुरू नये, कारण मग सगळे औषध एकदम रक्तात उतरते. आपल्याला कधी फिट आलेली असेल, किंवा नैराश्याची, चिंतेची वा झोपेची एखादी गोळी चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्यावरील औषधाबरोबर ट्रॅमाडॉल घातक ठरू शकते, आणि अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरील गोळीबरोबर किंवा मद्याबरोबर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

औषध कमी होत असताना त्याची ओढ आवरत नाही असे वाटले, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. ती वापरणे म्हणजे केंद्रात दाखल होणे नव्हे.

उत्तर : औषधविक्रेता (जळगाव)

माझ्या व्यवसायाच्या बाजूने थोडे लिहितो. ट्रॅमाडॉल एच-१ या अनुसूचीत आहे. ते देताना डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आले आहे. जुन्या चिठ्ठीवर चौदा महिने पाकीट देणाऱ्या दुकानाने आपल्यावर उपकार केले नाहीत. उद्या एखाद्या विक्रेत्याने नवी चिठ्ठी मागितली तर तो आपल्याला संशयाने पाहतो आहे असे समजू नका. आणि एक : ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या घेत असाल तर त्यांतले पॅरासिटामॉलही मोजा, कारण तापाची वेगळी गोळी घेताना ते नकळत दुप्पट होते.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट (नाशिक)

ताई, गोळी कमी करण्याचे निम्मे काम कंबरेच्या बाजूने करावे लागते आणि ते आधी सुरू झालेले बरे.

‘गॅप’ या शब्दाने आपल्याकडे फार नुकसान केले आहे. कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय पाहिले तरी चाळिशीतल्या जवळजवळ निम्म्यांमध्ये चकती फुगलेली दिसते, आणि साठीनंतर हे प्रमाण आणखी वाढते. केसांचे पिकणे जसे, तसे हे बरेचसे वयाचे असते. आपला मणका मोडलेला नाही. तो हलवल्याने झिजणार नाही. मी हे धीर देण्यासाठी सांगत नाही, तर हालचालीची भीती हेच पुष्कळदा दुखणे टिकण्याचे कारण बनते म्हणून सांगते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसोपचार यांची शिफारस आहे. ओपिऑइड, कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे यांची नाही.

दुखणे कमी असलेल्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायचे, हे चक्र प्रथम मोडा. आज विनात्रास दहा मिनिटे चालता येत असेल तर आठवडाभर रोज आठच मिनिटे चाला, दुखले तरी आणि न दुखले तरी, आणि मग दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवा. वर्गात फळ्याजवळ एक बुटके स्टूल ठेवून आळीपाळीने एक पाय त्यावर ठेवा, आणि मुले गणित सोडवत असतील तेव्हा बसा. ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठता होते आणि कुंथल्याने कंबर आणखी दुखते, म्हणून पाणी आणि इसबगोल यांकडेही लक्ष द्या.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा शौचावरचा ताबा जाणे, पाऊल उचलता न येणे. सायंकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे ही शक्यता विसरून चालत नाही.

खडूफळा :

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी यजमानांना वाचून दाखवली आणि चौदा महिन्यांत प्रथमच आम्ही या विषयावर बोललो. मला झोपेची किंवा चिंतेची कोणतीही गोळी चालू नाही आणि फिट कधी आलेली नाही. सोमवारी मिरजेला वेदना चिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागात जाणार आहे. चौदा महिन्यांची खरी संख्या, चौथ्या कॅप्सूलसकट, कागदावर लिहून ठेवली आहे, कारण समोर बसल्यावर मी ती कमी करून सांगेन, अशी मला भीती वाटते. तोपर्यंत रोज तीनच कॅप्सूल ठरलेल्या वेळी घेईन आणि पहाटेच्या कळेची वेळ वहीत लिहीन. आज आठ मिनिटे चालले.