आईबाबांसाठी गुपचूप केलेला केक : तुमच्याकडे बिंग कसं फुटलं?

धागाकर्ती (दर्यापूरकडची)

आमच्या मायच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जुलै आहे. गावातल्या तिच्या वयाच्या निम्म्या बायकांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट तीच टाकली. आजी मात्र सांगायची, "पोळ्याच्या करीची हाय ते. भाईर मारबत नेत होते अन् घरात ही रडली." म्हणून यंदा करीच्याच दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ईडापिडा घेऊन जाणारी मारबत गावाबाहेर नेतात तेव्हा, केक करायचं ठरवलं.

सकाळी दारातले पळसाचे मेढे, म्हणजे पोळ्याला दाराशी ठेवलेल्या फांद्या, नेऊन झाले, माय अंगणात शेजारणींसोबत बसली आणि मी स्वयंपाकघराचं दार लोटलं. घरात ओव्हन नाही. पाच लिटरच्या कुकरची शिट्टी आणि रबर काढलं, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरलं, त्यावर कडं ठेवलं आणि दहा मिनिटं रिकामाच तापवला. घोळ साधाच : बारीक रवा, दही, साखर, दूध, थोडं तेल. वीस मिनिटं भिजू दिला आणि सोडा अगदी शेवटी घातला. दह्याच्या आंबटपणानं सोडा लगेच फसफसतो. घोळ तसाच ठेवून गप्पा मारत बसलं तर ती सगळी हवा वाया जाते.

सगळं नीट चाललं होतं. पण मायचे कान! अंगणातूनच ओरडली, "काऊन वं, कुकर मांडून अर्धा घंटा झाला, शिट्टी काऊन नाही होऊन राहिली? पाणी टाकलं का नाही?" मी काही बोलायच्या आत ती आत आली आणि झाकण उचललं. केक कडेनं शिजला होता, मधे अजून ओलाच होता. गार हवा लागली तसा डोळ्यांदेखत मधोमध बसला. माय म्हणते, "ढोकळा बसला तुहा."

पुन्हा झाकण ठेवून वीस मिनिटं भाजला, पण खड्डा तो खड्डाच. शेवटी आदल्या दिवशीचं उरलेलं पुरण त्यात भरलं आणि वरून सारखं केलं. औक्षण झाल्यावर मायनं आधी पुरण खाल्लं, मग केक. "पुरण बरं झालं," एवढीच पावती.

तुमच्या घरी असं काही झालं असेल तर लिहा. नुसती कृती नको, फजितीसकट लिहा.

ओलीतवाला (आर्वी)

मी पुण्यावरून येताना लहानसा ओव्हन घेऊन आलो होतो. बाबांचा वाढदिवस पौषात येते. त्या हप्त्यात आमच्या फिडरची लाईन (वावरातल्या मोटरींची वीज) रातची होती, म्हणून बाबा हरभऱ्याच्या ओलिताले वावरात. म्हटलं बरं झालं, घर मोकळं. पण रातच्याले साऱ्या शिवाराच्या मोटरी एकदम चालू होतात आणि गावातला बल्ब जुगनूसारखा होते. त्या व्होल्टेजवर ओव्हन काय तापते! घंटाभरानं हात लावून पाहिला तं कोमट.

मग तोच डबा घेऊन वावरात गेलो. बाबा दांडावर, मी गोठ्यामागं. गोवऱ्या पेटवल्या, त्याचा आर झाल्यावर रोडगे (कणकेचे जाड गोळे) घालतो तसा डबा ठेवला, झाकणावरही निखारे टाकले. बुडाले करपला, आतून मस्त फुलला. बाबा पाणी दुसऱ्या सरीत वळवून आले, एक तुकडा खाल्ला, म्हणाले, "रोडगा म्हणून चांगला हाय. केकचं मले समजत नाही." अजून एक घेतला मात्र.

संत्र्याची सून (वरूड तालुका)

आमच्या बागेत अंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या हंगामाची) संत्री निघाली की घरात पाय ठेवायला जागा नसते. मामाजींच्या साठीला संत्र्याचा केक करू म्हटलं. कृतीत असतं, 'साल किसून घ्या'. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची साल किसून दाखवा कुणी! इतकी सैल असते की किसणीवर नुसती गुंडाळते. मी साल सोलून, आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून, दोन दिवस वाळवून मिक्सरमधून काढली. हे जमलं.

चूक वेगळीच झाली. कुणाला दिसू नये म्हणून रस सकाळीच काढून लपवला आणि केक केला संध्याकाळी. मामाजींनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "रस काढून ठेवला होता का?" मी गार. म्हणाले, "संत्र्याचा रस थांबत नसते, कडू होते." चाळीस वर्षं बागाईत केलेल्या माणसापासून काय लपणार? कडवट केक त्यांनी दोन दिवस पुरवून खाल्ला. पुढच्या वर्षी रस घोळात घालायच्या वेळीच पिळला, बिया न चिरडता.

पुसदची पोट्टी

आईला शुगर आहे, म्हणून मैद्याऐवजी ज्वारीच्या पिठाचा केला, साखरही निम्मी. पहिला केक सुरी लावताच रांगोळी झाला. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे भाकरी थापताना रोज दिसतं, पण डोक्यात आलं नाही. दुसऱ्यांदा अर्धी कणीक घातली आणि चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून टाकली. दहा मिनिटांत ती बुळबुळीत होते आणि अंड्यासारखं धरून ठेवते. आमचे आजोबा माळकरी, त्यामुळे घरात अंडं येण्याचा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, "जवसाची चटणीच केली असती तं?"

एक वाचक, मेहकर

गावातल्या दुकानातून 6 आणि 0 अशा मेणबत्त्या घेतल्या. मी घरी पोहोचायच्या आत बाबांना पानठेल्यावर कळलं होतं की ते आज साठ वर्षांचे झाले. त्यांच्या हिशेबानं अठ्ठावन्न.

तिवस्याहून

माझा अनुभव तसा गोड नाही. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, घरात पैशाची ओढाताण होती आणि मी लोणी, कोको, क्रीम असं सगळं आणून दोनमजली केक केला. बाबांनी पाहिला, किती खर्च झाला ते विचारलं आणि न जेवता झोपायला गेले. मी रडले, आई माझ्यावरच चिडली. आता वाटतं, क्रीमवर पैसे घालवायला नको होते. पण बाबांनीही त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं.

सकाळी उठून पाहिलं तर वरचा मजला गायब. चहाच्या कपाच्या तळाशी चुरा होता. विचारलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मांजर आली असंन."