टॅग आले म्हणून सिग्नलमन काढायचा?

टॅगसमर्थक: साइटवर कामगाराच्या हेल्मेटला यूडब्ल्यूबी टॅग (रेडिओ लहरींनी अंतर कळवणारा), मशीनवर त्याचा सिग्नल पकडणारे चार अँकर. माणूस जवळ आला की केबिनमध्ये बझर, अंतराची चूक फार तर फूटभर. मग खाली उभा राहून ऑपरेटरला इशारे देणारा सिग्नलमन हवाच कशाला?

बूमखालचा: अंतर कळलं म्हणजे मशीन थांबलं का? डंपर ताशी 10 किमीने मागे येतोय, म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर. बझर ऐकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, 4 मीटर तिथेच गेले. ब्रेक लागायचं अंतर वेगळं, ओल्या उतारावर आणखी जास्त. बझर वाजायचा झोन 3 मीटरचा लावाल तर बझरही वाजेल आणि माणूसही चिरडेल. 10 मीटरचा लावाल तर पाइप टाकणारी टोळी कायम झोनमध्ये. मग ऑपरेटर बझरवर टेप चिकटवतो.

सेफ्टीताई: टेपचा दोष ऑपरेटरच्या माथी मारू नका! पोकलेनभोवती सरसकट गोल झोन आखणाऱ्याला विचारा. बूमच्या (खोदणाऱ्या हाताच्या) पलीकडे उजवीकडे आणि मागे काउंटरवेटकडे (तोल राखणाऱ्या वजनाकडे) ऑपरेटरला दिसत नाही, झोन तिथे वाढवा. काउंटरवेट आणि भिंत यांत 600 मिमीपेक्षा कमी फट उरत असेल तर तिथे कठडाच घाला.

कानठळ्या: आधी रिव्हर्स हॉर्न बदला. ते टीं-टीं एकाच सुराचं, भिंतींवर आपटून कुठूनही आल्यासारखं वाटतं. खस्स-खस्स करणाऱ्या हॉर्नची दिशा लगेच कळते.

बूमखालचा: शेजारी काँक्रीट फोडणारा ब्रेकर चालू असताना ऐकू येणार का ते?

कानठळ्या: आसपासच्या गोंगाटानुसार आपोआप वाढणारे हॉर्न मिळतात. पण बसवतात चेसिसच्या आत, तोंड चिखलाने बुजलेलं. तोंड मागच्या बाजूला उघडं ठेवा आणि रोज पुसा, एवढंही कुणी करत नाही.

सेफ्टीताई: हॉर्न पुरे झाला. डंपरला मागे यावंच लागू नये असा वळसा आखा, निम्मं भांडण मिटेल.

टॅगसमर्थक: जागाच नसेल तर? बरं, सिग्नलमन राहू द्या. पण सगळ्यात धोक्यात तोच, टॅग त्याला पहिला द्या.

बूमखालचा: तेवढं मान्य. पण टॅग खिशात नको. अंग आड आलं की सिग्नल दबतो, अंतर जास्त दिसतं. शिफ्टच्या सुरुवातीला मशीन जागेवर उभं ठेवून एकाने टॅग घेऊन भोवती फेरी मारायची. एका बाजूलाही बझर वाजला नाही तर काम सुरू करायचं नाही. आणि टॅग नसलेला पाहुणा आत शिरला तर तुमच्या यंत्रणेला तो दिसतच नाही, सिग्नलमनला दिसतो. सिग्नलमन आरशात दिसेनासा झाला की ऑपरेटरने जागीच थांबायचं, बझर वाजो न वाजो.