पहिलं पिस्तूल, ३०० डॉलरच्या आसपास: वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत

प्रसाद, कोलंबस

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षं रांगेत काढल्यावर मार्चमध्ये आम्हा दोघांची ग्रीन कार्डं आली. कॉलेजात एनसीसीत असताना .२२ रायफलच्या पाच गोळ्या मारल्या होत्या, तेव्हाचा तो बंदुकीच्या दारूचा वास अजून नाकात आहे. तेव्हापासून नेमबाजी शिकायचं मनात होतं. गेल्या महिन्यात मी आणि पत्नी मेघनाने रेंजवर नवशिक्यांचा चार तासांचा वर्ग केला. दोघांनाही फार आवडलं.

आता स्वतःचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचंय. दुकानात तीन दाखवली: टॉरस जी३सी, हाय-पॉइंट सी९ आणि तळहातात मावणारं रुगर एलसीपी. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण ते लोक दोनशे गोळ्या मारून पुढच्या पिस्तुलाकडे वळतात. तुमच्यापैकी कुणी वर्षानुवर्षं वापरलं असेल तर कृपया लिहा. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, हेही लक्षात घेऊन सांगा.

प्रसाद

---

पद्माकर, डेटन

प्रिय प्रसाद,

तिन्ही मी चालवली आहेत. जी३सी माझ्याकडे चार वर्षं आहे. मशीन शॉपमध्ये जन्म गेल्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची सवय आहे, तशी याचीही वही आहे. काल रात्री काढून बेरीज केली: ३,१५० गोळ्या, अडकण्याचे प्रसंग १४. त्यातले ११ पहिल्या ३०० गोळ्यांतले. त्या अकरा वेळा मी पिस्तुलाला बोल लावत होतो. शेवटी रेंजवरच्या प्रशिक्षकाने तेच पिस्तूल, तेच मॅगझीन (मुठीत बसणारा गोळ्यांचा खोका) हातात घेतलं आणि बाराच्या बारा गोळ्या एका लयीत मारून दाखवल्या. दोष माझ्या मनगटात होता.

असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढे पैसे वाचतील. गोळी सुटली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे धावते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझीनमधली पुढची गोळी उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ढकलते. स्लाइडला पूर्ण मागे जाता यावं म्हणून खालचा सांगाडा जागेवर राहायला हवा, आणि तो धरून ठेवणारा तुझा हात असतो. मनगट ढिलं पडलं की स्लाइडच्या मागोमाग अख्खं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो, आणि पुंगळी बाहेर पडता पडता मध्येच उभी चिमटली जाते. घराच्या धुराड्यासारखी दिसते, म्हणून इथे त्याला स्टोव्हपाइप म्हणतात. हलक्या पिस्तुलात हे जास्त होतं. जी३सी रिकामं असताना २२ औंस भरतं, त्यात हात चुकला की लगेच कळतं.

माझ्याबरोबर तीन मॅगझीन आली होती, प्रत्येकी १२ गोळ्यांची. ट्रिगर लांब आहे, पण सुटण्याआधी जिथे जोर लागतो ती भिंत बोटाला स्वच्छ लागते. एखादी गोळी फुटली नाही तर स्लाइड न ओढता ट्रिगर पुन्हा दाबता येतो, ही सोय या किमतीत क्वचित मिळते. मूठ मात्र आखूड आहे, माझी करंगळी खाली हवेत राहते. मेघनाचा हात लहान असेल तर तिला ते सोयीचंच पडेल.

हाय-पॉइंट आपल्या ओहायोतलंच, मॅन्सफिल्डचं. लोक त्याला हसतात, मला ते आवडत नाही. त्याची रचना समजली की हसू येणार नाही. बहुतेक ९ एमएम (गोळीचा व्यास) पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात, थोडं एकत्र मागे जातात आणि मग नळी खाली झुकून सुटी होते. सी९ मध्ये हे कुलूपच नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच दाब पेलायचा. म्हणून स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची आणि जाडजूड, आणि आठ गोळ्यांचं पिस्तूल असूनही वजन २९ औंस. घडाई कमी म्हणून किंमत कमी. नेम चांगला लागतो, कारण नळी सांगाड्यात पक्की बसवलेली आहे. कंपनीची हमी आयुष्यभराची, आणि ती पुढच्या मालकालाही लागू. पण सफाईसाठी उघडायचं तर हातोडीने पिन ठोकून काढावी लागते. ज्या पिस्तुलाची सफाई कटकटीची, ते आपण साफ करत नाही. तेवढ्यासाठी मी पहिलं पिस्तूल म्हणून ते सुचवणार नाही.

एलसीपी चांगलं यंत्र आहे, पण दहा औंसांच्या आतलं. ते खिशात बाळगण्यासाठी बनवलंय, शिकण्यासाठी नाही. पन्नास गोळ्यांनंतर तळहात हुळहुळतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी रेंजवर जात नाही.

आता खरा हिशेब. ३०० डॉलर पिस्तुलाला ठरवलेस तर एकूण ६०० हाताशी ठेव. ९ एमएमच्या पन्नास गोळ्यांची पेटी मला सध्या १५ डॉलरच्या आसपास पडते. पहिल्या सहा महिन्यांत ५०० गोळ्या मारल्या नाहीस तर पिस्तूल कुठलं घेतलंस याला काही अर्थ उरत नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. आणि मुलीसाठी बोटांच्या खुणेने उघडणारी पोलादी पेटी, कपाटाच्या फळीला बोल्टने आवळलेली. परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप द्यावंच लागतं, ते घे, पण केबलच्या त्या कुलपावर भिस्त ठेवू नकोस. पेटी पिस्तुलाच्या आधी विकत घे.

पद्माकर

---

स्मिता, क्लीव्हलँड

प्रसाद, पद्माकरकाका,

काकांच्या हिशेबाशी मी शंभर टक्के सहमत आहे, पण त्याच हिशेबाने मी वेगळ्या जागी पोचते. प्रसाद, पहिलं पिस्तूल .२२ चं, म्हणजे लहान, कमी धक्क्याच्या गोळीचं घे.

मी उलट केलं. सात वर्षांपूर्वी खूप छोटं ९ एमएम घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, एका नगावरून कुणाला नाव ठेवणं बरोबर नाही. स्प्रिंग इतकी कडक की स्लाइड ओढताना माझा अंगठा वाकायचा. दर दहा-बारा गोळ्यांनी पुढची गोळी चेंबरच्या तोंडाशी नाक खुपसून बसायची. तीन महिने मला वाटत होतं माझंच चुकतंय. मग रेंजवरच्या एका आजोबांनी सांगितलं, मॅगझीनवर नंबर टाक. मी नेलपॉलिशने १ आणि २ लिहिलं. सगळ्या अडचणी २ नंबरच्या मॅगझीनमध्ये! त्याची वरची एक कड केसभर बाहेर वाकलेली होती, शेजारी धरल्यावरच दिसली. ते मॅगझीन फेकून दिल्यावर पिस्तूल सुधारलं. स्वस्त पिस्तुलाच्या निम्म्या तक्रारी मॅगझीनच्या असतात, असं माझं मत झालंय. नवं घेतलं की प्रत्येक मॅगझीन वेगळं तपास.

पण तोवर माझ्या हाताला धक्क्याची भीती बसली होती. ती कशी कळली ते सांगते. मैत्रिणीने माझ्या मॅगझीनमध्ये मला न सांगता खऱ्या गोळ्यांमध्ये दोन प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या भरल्या. तिसऱ्यांदा ट्रिगर दाबला, नुसती टक्, आणि पिस्तुलाची नळी माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं खाली झुकली. आवाज नाही, धक्का नाही, तरी हात आधीच खाली गेला होता. माझ्या सगळ्या गोळ्या डावीकडे खाली का लागत होत्या, ते त्या एका टक्-मध्ये समजलं.

मग मी रुगर मार्क ४ घेतलं. रुगर कंपनीचं पहिलंच उत्पादन १९४९ चं .२२ पिस्तूल होतं, तेव्हाची किंमत साडेसदतीस डॉलर. त्याच घराण्यातलं हे २०१६ चं. आधीची मॉडेलं उघडून पुन्हा जोडताना लोक रडकुंडीला यायचे, हे मागच्या एका बटणाने उघडतं. धक्का जवळजवळ नाही. .२२ च्या गोळ्या ९ एमएमच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. दर शनिवारी शंभर गोळ्या मारल्या, आणि चार महिन्यांनी ९ एमएम हातात घेतलं तेव्हा नळी झुकली नाही. तुझ्या बजेटमध्ये नवं मार्क ४ बसणार नाही, पण टॉरसचंच टीएक्स २२ बसेल. १६ गोळ्यांचं मॅगझीन, मूठ मोठ्या पिस्तुलासारखी, आणि स्लाइड मेघना दोन बोटांनी ओढेल.

.२२ ला कमी समजू नका. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तुलात, म्हणजे .२२ मध्येच. भारतीय महिला नेमबाजाचं आशियाई स्पर्धांतलं ते पहिलं सुवर्ण.

एक सावधगिरी. .२२ मध्ये गोळी न फुटण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण पेटणारी दारू तळाच्या कडेत पसरलेली असते. टक् झालं आणि आवाज नाही आला तर नळी समोरच्या टार्गेटकडेच ठेवून तीस आकडे मोज, मग स्लाइड ओढ. आणि रेंजवरून निघताना हात गार पाण्याने, साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका. शिशाची धूळ बोटांवर असते. मी नर्स आहे, हे कळकळीने सांगते. घरी आल्यावर मुलीला उचलून घेण्याआधी शर्टही बदल.

स्मिता

---

उन्मेष, कोलंबस

पद्माकरकाका, स्मिताताई, खूप छान माहिती. मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. विकत घेता येणार नाही हे माहीत आहे, पण प्रसादबरोबर रेंजवर जाऊन त्याच्या पिस्तुलाने दोन-चार गोळ्या मारायला हरकत नसावी ना?

---

पद्माकर, डेटन

उन्मेष, हरकत आहे. बरं झालं विचारलंस.

फेडरल कायद्यात बंदी फक्त विकत घेण्यावर नाही, बाळगण्यावर आहे, आणि रेंजवर क्षणभर हातात धरणंही त्यात येऊ शकतं. नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्यांना, म्हणजे एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन, पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही मना आहेत. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. तो हाती असल्याशिवाय हात लावू नकोस, आणि परवाना काढलास तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचार. शस्त्राचा गुन्हा हे हद्दपारीचं कारण होऊ शकतं. इतकी वर्षं रांगेत उभं राहून एका शनिवारी सगळं घालवू नकोस.

प्रसाद, यात तुझीही जबाबदारी आहे. समोरच्याला मनाई आहे हे माहीत असून त्याच्या हातात पिस्तूल देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा. एफ-वनवर शिकायला आलेला भाचा सुट्टीत घरी येतो, "मामा, एकदा मारून बघू दे" म्हणतो, आणि आपल्याला नाही म्हणवत नाही. म्हणायचं. ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल कायद्यात ही आडकाठी नाही. दुकानात खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना नागरिकत्वाच्या रकान्यात भारत लिही आणि ग्रीन कार्डावरचा एलियन नंबर अचूक टाक. तिथली चूक साधी चूक मानली जात नाही. आणि पिस्तूल ओहायोतच घे. दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून ते थेट हातात मिळत नाही, इथल्या परवानाधारकाकडे पाठवावं लागतं.

पद्माकर

---

प्रसाद, कोलंबस

काका, स्मिताताई, मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

आधी पेटी घेतली. बोल्ट मारताना मुलगी शेजारी उभी होती. तिला सांगितलं की ही आई-बाबांची पेटी आहे, आणि कुणाच्याही घरी पिस्तूल दिसलं तर हात न लावता मोठ्या माणसाला हाक मारायची. तिने दोनदा म्हणून दाखवलं.

मग टीएक्स २२ घेतलं. दुकानदाराने जी३सी पण पुढे ठेवलं होतं, मोह झाला, पण मेघनाने दोन्हींच्या स्लाइड ओढून पाहिल्या आणि प्रश्न तिथेच मिटला. आतापर्यंत दोघांच्या मिळून ४२० गोळ्या झाल्या. वही सुरू केली आहे. सहा वेळा गोळी फुटली नाही, त्यातल्या पाच एकाच स्वस्त पेटीतल्या. दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या आणल्यावर ते थांबलं. अडकली तीन वेळा, तिन्ही वेळा माझ्या हातात. मेघनाच्या हातात एकदाही नाही.

काल तिने माझ्यावर स्मिताताईंची खोट्या गोळीची युक्ती केली. नळी झुकली, अंगठ्याच्या नखाएवढी. सात यार्डांवरच्या माझ्या गोळ्या डावीकडे खाली जातात, त्याचं कारण सापडलं.

उन्मेषने वकिलाशी बोलून घेतलं. तूर्त तो आमच्याबरोबर येणार नाही.

काका, कॅम्प पेरीला १९०७ पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात असं वाचलं. एरी सरोवराच्या काठी आहे, इथून दोन-अडीच तास. या उन्हाळ्यात नुसतं बघायला जायचा विचार आहे. तुम्ही याल का? तुम्हाला डेटनहून घ्यायला मी येतो.

प्रसाद