मदत हवी आहे: वारीसाठी खिशात मावणारा कॅमेरा, रिको जीआर ३ की सोनी आरएक्स१०० मार्क ७?

नमस्कार मंडळी,

मी दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून निघून जमेल तितके दिवस चालते, बहुतेक तरडगावपर्यंत. पुढच्या वारीआधी छोटा पण दर्जेदार कॅमेरा घ्यायचाय, पैसे जमवलेत पण निर्णय होत नाहीये.

डीएसएलआर आहे माझ्याकडे, दोन वर्षं नेला. दिवे घाट चढताना गळ्यात ते लोढणं एकवेळ चालेल हो, पण तो डोळ्याला लावला की समोरची मावशी फुगडी थांबवते, पदर सारखा करते आणि ताठ उभी राहते, झालं, जे टिपायचं होतं ते गेलं. मोबाईलचे फोटो दिवसा छान येतात पण संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चेहरे मेण फिरवल्यासारखे गुळगुळीत होतात, सुरकुत्याच पुसल्या जातात, आणि मला तर त्या सुरकुत्याच हव्यायत.

मागच्या वर्षी मैत्रिणीचा जीआर ३ सासवड ते वाल्हे असा दोन दिवस वापरायला मिळाला. बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात राहतो, बटण दाबलं की सेकंदाच्या आत तयार, आणि सेन्सर (उजेड टिपणारी चिप) मात्र एपीएस-सी, म्हणजे माझ्या डीएसएलआरएवढाच. लेन्स एकच, २८ मिमीच्या हिशोबाची (म्हणजे रुंद दृश्य घेणारी), एफ/२.८ (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), झूम नाहीच. पहिला अर्धा दिवस माझी नुसती चिडचिड झाली, मग लक्षात आलं की झूम नाही म्हणून जवळ जावं लागतंय आणि जवळ गेलं की बोलणं होतंय. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींच्या शेजारून अर्धा तास चालले, फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या काढ की, आणि नंतर विसरूनच गेल्या, नातवाच्या नोकरीचं सांगत राहिल्या. त्यातला एक फोटो मी घरी फ्रेम करून लावलाय. इतका जवळचा फोटो मला आजवर कधी मिळाला नव्हता.

पण सगळंच काही गोड नाही. बॅटरीचा कंपनीचाच आकडा २०० फोटोंचा आहे, वारीत तेवढे दुपारच्या विसाव्यापर्यंत होतात. व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही (तो मला नकोच आहे), स्क्रीन वळत नाही, व्हिडिओ फक्त फुल एचडी. आणि चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं तिथे २८ मिमीत अश्व म्हणजे गर्दीतला ठिपकाच दिसणार!

म्हणून सोनी. २४ ते २०० मिमी झूम, छोटा व्ह्यूफाइंडर बाहेर येतो, स्क्रीन वर वळते, फोरके व्हिडिओ, माइकची जागा, सलग सेकंदाला २० फोटो आणि तरी वजन ३०२ ग्रॅमच. रिंगणासाठी ह्याहून सोयीचं काय! पण सेन्सर एक इंची, जीआरच्या साधारण एक तृतीयांश क्षेत्रफळाचा, आणि झूम पूर्ण ताणला की लेन्स एफ/४.५ वर येते, मग आरतीच्या अंधारात काय होणार ही धास्ती आहे.

सगळ्यात मोठी भीती धुळीची. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना झूमवाला कॉम्पॅक्ट (वेगळ्याच कंपनीचा) जेजुरीत भंडाऱ्याच्या उधळणीत गेला, लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकली ती अडकलीच, दुरुस्तीवाल्याने हात टेकले. आणि हे दोन्ही कॅमेरे धूळ-पाण्यापासून बंदिस्त नाहीत. तर धूळ आणि पावसात कुणी वापरलेत का? काय काळजी घेता? २०२५ मध्ये जीआर ४ आलाय पण तो बजेटबाहेर जातो, म्हणून जीआर ३ सेकंडहँड बघतेय, घेताना काय तपासू?

प्रतिसाद १

ताई, माझ्याकडे जीआर ३ आहे. सेकंडहँड घेताना एफ/१६ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र सगळ्यात लहान ठेवून) पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे समजा आणि सोडून द्या, लेन्स निघत नसल्यामुळे आपल्याला घरी साफ करता येत नाही. भंडाऱ्यासाठी उपाय आहे, पुढची रिंग काढून जीए-१ अडॅप्टर (लेन्सभोवती बसणारी नळी) बसवायचा आणि त्यावर ४९ मिमीचा फिल्टर, लेन्सची हालचाल त्याच्या आत होते. पण मग तो खिशात मावत नाही, तेव्हा जेजुरीपुरता लावा आणि पुढे काढा. बॅटऱ्या तीन ठेवा, शिवाय टाइप-सीने पॉवरबँकवर चार्ज होतो.

अजून एक, स्नॅप फोकस (फोकस आधीच एका अंतरावर बांधून ठेवायची सोय) २ मीटरला आणि एफ/८ ठेवून बघा. साधारण एक मीटरपासून लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं, फोकससाठी थांबावंच लागत नाही. चालत्या दिंडीत ह्याच्यासारखं दुसरं काही नाही.

प्रतिसाद २

मी सोनीच्या बाजूने. तुमच्या टप्प्यात रिंगण वर्षातून एकदाच बघायला मिळतं, आणि आरतीला झूम न करता २४ मिमीवरच राहिलात तर एफ/२.८ मिळतो, तितकं वाईट नाही येत. मुलांना व्हिडिओ दाखवायचे असतील तर जीआरचा विचारच नको.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. व्हिडिओ मी काढत नाही, आणि काल रात्री आधीच्या सगळ्या वाऱ्यांचे फोटो काढून बसले तर ठेवण्यासारखे निघाले ते बहुतेक हाताच्या अंतरावरचेच, रिंगणाचे फक्त चार. त्यामुळे मन जीआरकडे झुकलंय, रिंगण डोळ्यांनी बघेन. आता फक्त एवढं सांगा, पावसात कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरला तर आत दमट होऊन लेन्सवर वाफ धरते का? सिलिका जेलच्या पुड्या ठेवून काही फरक पडतो का?