मदत हवी आहे: गाडी थांबता थांबता एबीएस उगाच चालू होतं

नमस्कार मंडळी. घरची २००८ सालची पेट्रोल गाडी आहे. वेगात ब्रेक उत्तम लागतात, पण सिग्नलला थांबताना वेग ताशी १० किमीच्या खाली आला की पेडल पायाखाली थरथरतं, पुढून कर्रकर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. तेही कोरड्या रस्त्यावर! सायन सर्कलच्या गर्दीत पुढे रिक्षा आणि मागच्या सीटवर आई, अशा वेळी जीव टांगणीला लागतो. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मात्र लागत नाही.

पॅड, डिस्क ठीक आहेत, ब्रेक ऑइल नवीन आहे. एबीएसचा फ्यूज काढून रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून पाहिली, तर थरथर बंद. पुढचं डावं चाक उतरवलं, तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरसमोरच्या दातेरी रिंगवर गंजाचे पापुद्रे सुटलेत. पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी जातेच आपली. सेन्सरचा सिग्नल कमी वेगात आधीच क्षीण असतो, त्यात गंज. मग चाक लॉक झालंय असं समजून एबीएस युनिट ब्रेकचं प्रेशर सोडतं, असा माझा कयास आहे.

गॅरेजवाला थेट पूर्ण एबीएस मॉड्यूल बदला म्हणतो. मला ते पटत नाही. चारही चाकांचा वेग स्कॅनरवर लाइव्ह दाखवेल असा भरवशाचा माणूस मध्य मुंबईत कोणी सुचवेल का? आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला ही रिंग सुटी मिळते, की ती ज्यावर बसते तो अख्खा ड्राइव्ह शाफ्टच (चाक फिरवणारा दांडा) घ्यावा लागतो? फ्यूज काढून कायमची चालवा, हा सल्ला कृपया नको.