डँपरआधी सांधे तपासा

लिफ्ट किट लावून गाडी उंच केल्यापासून खड्ड्यात स्टेअरिंग थरथरतं म्हणून जाड स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक) घेताय, पण माझं मत ठाम आहे: आत्ता नको. डँपर थरथर दाबतो, कारण तसंच राहतं.

एकाला स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खालून ढिलेपणा बघा: टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे), ट्रॅक बारचे (अॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट. बॉक्सपाशी चासीला तडे नाहीत ना, तेही पाहाच; जुन्या गाडीत ते फार धोकादायक.

मग उंचीचं बघा. उचलल्यावर ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि ट्रॅक बार तिरके होतात. दोन्ही समांतर नसतील तर चाक वर-खाली होताना गाडी आपोआप ओढते. कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होऊ शकतो, मग वळणानंतर स्टेअरिंग सरळ परतत नाही.

डँपर सगळ्यात शेवटी.